सही करून थांबलेले देश

ताईच्या साखरपुड्याला तिसरं वर्ष लागलं होतं आणि लग्नाचा पत्ता नव्हता. त्याच वर्षी मला लॉ कॉलेजात सेमिनारसाठी विषय मिळाला: एखादा देश विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील कसा होतो.

विषय मी निवडलेला नव्हता. सरांनी यादी वाचायला घेतली तेव्हा पुढच्या बाकांवरच्या मुलांनी समुद्राचा कायदा, निर्वासितांचे हक्क असले विषय पटापट उचलले. मला हात वर करायला नेहमीच वेळ लागायचा. शेवटी हा एकच उरला. मी बदलापूरहून येते हे माहीत असलेला एकजण मागून म्हणाला, "सर, बदलापूरला एअरपोर्ट होतंय वाटतं!" वर्ग हसला. सरही हसले. मीही हसले, कारण न हसण्याची हिंमत नव्हती. विमानात बसणं तर राहोच, आमच्या घरातलं कोणी विमानतळाच्या दारापर्यंतही गेलेलं नव्हतं.

म्हणजे एक माणूस गेलेला होता. पण तो आमच्या घरातला होता की नव्हता, हाच तर वाद होता.

तो ताईचा ठरलेला नवरा. अंबरनाथचा मुलगा, आखातात एसी दुरुस्तीच्या कामावर. स्थळ मामाने आणलं होतं. आईचा हा धाकटा भाऊ आमच्या समाजातली निम्मी लग्नं जुळवायचा आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. मुलाची सुट्टी संपत आली होती, म्हणून मुलाची आई म्हणाली, "आत्ता साखरपुडा उरकून घेऊ, पुढच्या सुट्टीत लग्न." आमच्याकडे साखरपुडा लग्नाएवढाच थाटात करतात. बदलापुरातल्या शिरगावच्या आमच्या विहारात वंदना झाली, पाच पंच बसले, मुलाच्या आईने ताईला साडी नेसवली, अंगठी घातली गेली, फोटो निघाले, तीनशे माणसं जेवली. विहाराच्या मंडळाच्या अध्यक्षांनी माईकवरून जाहीर केलं की अमुक घरची मुलगी आता तमुक घरची झाली. आळीने टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून आळीतली म्हातारी माणसं त्या मुलाला 'जावई' म्हणायला लागली.

इथेच आमची सगळ्यांची चूक झाली, असं मला आज वाटतं. थाट एवढा मोठा होता, की काहीतरी पुरं झालं असं सगळ्यांना वाटून गेलं. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर होते. ते घरी येऊन म्हणाले, "एक पोरगी मार्गी लागली." प्रत्यक्षात मार्गावर कोणी पाऊलही ठेवलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीत मुलगा आला. त्याच्या घराचा स्लॅब टाकायचा होता, म्हणून लग्न झालं नाही. त्याच्या पुढच्या सुट्टीत त्याच्या आत्याकडे मयत झालेली होती. मुलगा यायचा, आमच्याकडे चहा प्यायचा, बाबांना परदेशी सेंटची बाटली द्यायचा आणि विमानाने परत जायचा. वाईट वागायचा नाही. खरं सांगायचं तर तो काहीच वागायचा नाही. आई विचारायची तेव्हा तो कपाकडे बघायचा आणि त्याची आई बोलायची.

ही बाई मात्र ताईला हक्काने बोलवायची. दिराच्या मुलाचं बारसं, वर्षावासाचं जेवण, घराची रंगरंगोटी, काहीही असो, रविवारी सकाळी निरोप यायचा. ताई जायची, भांडी घासायची, शेकड्याने चपात्या लाटायची. एकदा मीही गेले होते. जेवणं झाल्यावर बायकांची पंगत बसली. ताई त्यांच्यात बसायला गेली तर मुलाची आई म्हणाली, "अगं, तू आतल्या पोरींबरोबर बस. घरच्या सुना इथे बसल्यात."

"मग ती कोण?" मी विचारलं. माझा आवाज इतका बारीक निघाला, की मलाच नीट ऐकू आला नाही.

"ती होणारी गं. झाली कुठे अजून?" असं म्हणून तिने पुरणाचं पातेलं ताईच्या हातात दिलं. "हे आत ठेव आणि घासायचं बाजूला काढ."

कामाला सून आणि पंगतीला परकी. मी घरी येईपर्यंत दात आवळून बसले होते. ताई म्हणाली, "जाऊ दे." ताईचं हे 'जाऊ दे' मला अजिबात आवडायचं नाही.

ताई उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात शिवायची. दहावीनंतर ती मशीनवर बसली म्हणून मी पुढे शिकले. हे घरात कोणी बोलून दाखवायचं नाही, पण घरातल्या भिंतींनाही माहीत होतं. तिचा हात चांगला होता. सिंधी सेठ तिला म्हणायचा, "बेटी, सॅम्पल वाली मशीन पे बैठ. पूरा पीस बनाना सीख जाएगी. कब तक बेल्ट लगाती रहेगी, साईं?" सॅम्पलच्या मशीनवर बसणारा माणूस अख्खी पँट एकट्याने उभी करतो. एरवी एक जण खिसे लावतो, एक जण चेन लावतो आणि जन्मभर तेवढंच करतो. ताईला ते काम शिकायचं होतं. झोपताना ती मला खिशाचा गोल कसा काढतात ते चादरीवर बोटाने दाखवायची.

पण सॅम्पलचं काम शिकायला वर्ष जातं आणि सेठला मधे सोडून जाणारी बाई नको होती. ताईने अंबरनाथला विचारलं. का विचारलं, हा प्रश्न मला आजही पडतो. पण तेव्हा विचारायचीच पद्धत होती. उत्तर आलं, "लग्नानंतर मशीन सोडायचीच आहे. आता नवीन खूळ कशाला?" लग्न कधी, ते सांगितलं नाही. सेठने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "दिवाली तक देखूँगा, फिर दूसरी को बिठाऊँगा. धंदा है, बेटी." ताईच्या हातात दिवाळीपर्यंतचा वेळ होता. लग्न तरी होऊ दे, नाहीतर तिला मोकळं तरी करू दे, एवढीच माझी मागणी होती. दोन्हीपैकी एकही होत नव्हतं.

अशा दिवसांत मी विमानाच्या करारावर वाचत होते. कॉलेजच्या लायब्ररीत दोनच पुस्तकं होती, दोन्ही इंग्रजी. एकेका पानाला तास लागायचा. हळूहळू कळत गेलं. आधी देशांचे प्रतिनिधी जमतात, मसुद्यावर भांडतात, शेवटी सह्या करतात, फोटो काढतात. विमानाच्या प्रवाशाला इजा झाली, सामान हरवलं, तर कंपनीची जबाबदारी किती, हे सगळीकडे सारखं असावं म्हणून पोलंडमधल्या वॉर्सा शहरात असा करार झाला. पण सही केली म्हणून देश त्यात आला असं होत नाही. प्रतिनिधी घरी जातात. मग त्या देशाचं सरकार किंवा तिथली संसद विचार करते आणि करार मान्य करते. त्याला अनुसमर्थन म्हणतात. मान्य केल्याचा कागद पोलंडच्या सरकारकडे जमा करायचा, कारण मूळ करार त्यांच्याकडे ठेवलेला. पोलंडने तो बाकी सगळ्यांना कळवायचा. कागद जमा झाल्यावर नव्वद दिवस गेले, की देश खरा सामील. ज्याने सुरुवातीला सही केली नाही, तोही मागाहून कागद देऊन येऊ शकतो. आपल्याकडे तेवढ्यानेही भागत नाही. संसदेने कायदा करावा लागतो, तेव्हा कुठे इथल्या कोर्टात त्या कराराचा उपयोग. तेव्हा लागू असलेला तसा कायदा १९७२ सालचा होता.

इथपर्यंत मी शांतपणे टिपणं काढली. मग एका पानावर अडकले. त्या करारात १९५५ साली हेगला सुधारणा झाली. त्या सुधारणेवर अमेरिकेने पुढच्याच वर्षी सही केली. आणि अनुसमर्थन? तेव्हापर्यंत नाही. मी वाचत होते तेव्हा त्या सहीला पस्तीसच्या वर वर्षं होऊन गेली होती. पुस्तकात हे एका तळटीपेत होतं, 'अद्याप अनुसमर्थन केलेले नाही', बस्स. पुढची तळटीप दुसऱ्याच गोष्टीची. कोणी रागावल्याचं नाही, कोणी विचारल्याचं नाही. मी ते पुस्तक इतक्या जोरात मिटलं, की लायब्रेरियनने मान वर करून पाहिलं.

सेमिनारच्या आधी मी घरी मोठ्याने बोलून सराव करायचे. ऐकायला ताई. ती कारखान्यातून घरी आणलेल्या पँटींचे धागे कापत बसायची. मी सही, अनुसमर्थन, कागद, पोलंड असं सगळं सांगितलं. मग अमेरिकेचं सांगितलं.

ताईची कात्री थांबली. "म्हणजे साखरपुडा करून बसलेत?"

"तसंच."

"आणि पोलंड काय करतंय? मामासारखं नुसतं हो हो म्हणतंय?"

मला हसू फुटलं. आईही चुलीपाशी हसली आणि लगेच म्हणाली, "माझ्या भावाला बोलू नका."

"मग सही केलेल्याला काय मिळतं?" ताईने विचारलं.

"मिळत काही नाही. पण त्याने करार मोडेल असं वागायचं नाही, तेवढं बंधन असतं."

"लग्न नाही, पण दुसरीकडे बघायचंही नाही."

"हं."

"ते बंधन कधी सुटतं?"

मला माहीत नव्हतं. मी वही चाळली. ताई पुन्हा धागे कापायला लागली. "तुझ्या सरांना विचार," ती म्हणाली. चेष्टेचा सूर गेला होता.

सेमिनार वाईट झाला. मी इंग्रजीत सुरुवात केली, चौथ्या वाक्याला अडखळले, मग मराठीत शिरले. पुढच्या बाकावरच्या मुली वहीत काहीतरी काढत होत्या. अमेरिकेच्या तळटीपेपाशी आले तेव्हा माझ्या तोंडून लिहून न आणलेलं निघालं. मी म्हणाले, "ज्यांचं काही अडत नाही ते सही करून आरामात बसतात. ज्यांचं अडतं त्यांनी वाट बघायची. हा कसला कायदा?"

सरांनी चष्मा काढला. "राग कशाला? देश म्हणजे काही माणूस नाही."

वर्ग हसला. एअरपोर्टवाला सगळ्यात मोठ्याने. तरी खाली बसायच्या आधी मी विचारलं, "सर, सही केली आणि अनुसमर्थन केलं नाही, तर ते बंधन कधी सुटतं?"

"प्रश्न चांगला आहे," सर जरा चकित होऊन म्हणाले. "आपण सामील होणार नाही, हे त्या देशाने स्पष्ट केलं की सुटतं. मनात ठेवून चालत नाही. इतरांना कळलं पाहिजे."

"कोणाची परवानगी लागते?"

"परवानगी कसली? सार्वभौम देश आहे तो."

सार्वभौम. घरी जाताना तो शब्द मी तोंडात घोळवत होते. आमच्या घरात सार्वभौम कोणीच नव्हतं. बाबा सुपरवायझरला घाबरायचे, आई मामाला, मामा अंबरनाथच्या त्या बाईला. ताईला मी सरांचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. तिने फक्त एकदा विचारलं, "इतरांना कळलं पाहिजे, असं म्हणाले?"

दिवाळीच्या आधी मुलगा सुट्टीवर आला. सगळे आमच्या खोलीत जमले. मुलगा, त्याची आई, मामा आणि मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्ष सरकारी खात्यात हेडक्लार्क होते आणि प्रत्येक वाक्य भाषणासारखं बोलायचे. मामा म्हणाला, "या सुट्टीत तारीख धरूच." मुलाची आई म्हणाली, "याच्या व्हिसाचं चालू आहे. नवीन कंपनी. पुढच्या सुट्टीत नक्की."

ताई चहा घेऊन आली होती. ट्रे हातात तसाच धरून ती मुलाला म्हणाली, "तुम्हाला लग्न करायचंय का?"

मुलगा कपाकडे बघायला लागला. कप अजून ट्रेमध्येच होता.

"काय विचारायची पद्धत आहे ही?" त्याची आई म्हणाली.

"मी त्यांना विचारलं, आई."

"मुलीने असं बोलायचं नसतं," अध्यक्ष म्हणाले. "पंच आहेत, वडीलधारे आहेत."

"पंचांनी तीन वर्षांत काय केलं?" हे मी म्हणाले. माझा आवाज या वेळी बारीक निघाला नाही. बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. पण ते मला गप्प बस म्हणाले नाहीत.

मुलगा शेवटी बोलला, "आई म्हणेल तसं."

ताईने ट्रे खाली ठेवला. आत गेली, साखरपुड्याची साडी घेऊन आली आणि घडी केलेल्या साडीवर अंगठी ठेवून दोन्ही वस्तू अध्यक्षांसमोर ठेवल्या. मुलाच्या आईसमोर नाही. "तुमच्यासमोर घातली होती, तुमच्यासमोर काढली."

मग जो गोंधळ झाला तो मी लिहीत नाही. मुलाची आई म्हणाली, "शिकलेल्या बहिणीने कान भरलेत. दोन बुकं वाचली की पोरी अशाच बिघडतात." मामा आईला म्हणाला, "अक्का, माझं नाक कापलं तुझ्या पोरींनी." आई रडली, पण साडी उचलून परत ताईच्या हातात दिली नाही. हे मी विसरणार नाही.

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. जाता जाता अध्यक्ष बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "हे आपल्यात राहू दे. बोभाटा नको. मुलीची बदनामी होते. वर्षभरात लोक आपोआप विसरतील."

वर्षभर! म्हणजे वर्षभर आळी तिला अंबरनाथची सून म्हणणार, कोणी दुसरं स्थळ आणणार नाही, सेठ विचारणार 'शादी कब है', आणि ती काय सांगणार? साखरपुडा माईकवरून जाहीर करायला यांना लाज वाटली नव्हती. मोडल्याचं मात्र कुजबुजत ठेवायचं. "का नाही जाहीर करायचं? तेव्हा केलं होतं ना?" मी म्हणाले.

"असं कधी जाहीर करत नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "अशी पद्धत नाही."

"मग पद्धत करा," बाबा म्हणाले. एवढंच. जन्मभर सुपरवायझरपुढे मान खाली घालणारा माणूस हेडक्लार्कला असं म्हणाला. अध्यक्षांनी चप्पल घातली आणि गेले.

त्या रविवारी विहारात वंदना होती. नेहमीच्या सूचना झाल्या. पाण्याची टाकी साफ होणार आहे, लहान मुलांचा अभ्यासवर्ग सुरू होतोय. आमच्याबद्दल अध्यक्षांनी काही सांगितलं नाही. ते माईक बंद करणार, एवढ्यात बायकांच्या रांगेतून ताई उठली. मीही उठले, पण माझे पाय पुढे जाईनात. सेमिनारसारखंच. ती एकटी गेली. अध्यक्षांच्या हातात माईक होता. तिने हात पुढे केला. त्यांनी आजूबाजूला बघितलं. पुरुषांच्या रांगेत पहिल्या जागी बाबा ताठ बसले होते. अध्यक्षांनी माईक दिला.

"तीन वर्षांपूर्वी इथे माझा साखरपुडा जाहीर झाला," ताई म्हणाली. "तो मी मोडलाय. अंबरनाथच्या घराशी आता माझा संबंध नाही. सगळ्यांना कळावं म्हणून सांगितलं."

माईक खरखरला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक म्हातारी म्हणाली, "बाई बाई, काय दिवस आले!" आणि दुसरी तिला म्हणाली, "गप गं. तुझ्या नातीचं काय झालं होतं, आठवतंय ना?" मग बायका हलकेच बोलायला लागल्या. ताईने माईक परत दिला, बटण बंद झालंय का ते स्वतः बघितलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

मामा चार वर्षं आमच्याकडे आला नाही. आळीत काही दिवस माझ्या कॉलेजचा उद्धार होत राहिला. दुसरं स्थळ लगेच आलं वगैरे काही नाही. बराच काळ आलंच नाही. सेमिनारला मला पास होण्याइतकेच गुण मिळाले. सरांनी शेवटी लाल शाईने लिहिलं होतं, 'विषयाबाहेर गेलात.' मला ते आजही मान्य नाही.

मधल्या काळात मला वाटलं होतं की माझा राग कमी होईल. झाला नाही. मुलगा पुढच्या आठवड्यात विमानाने परत गेला, त्याचं काही अडलं नाही. मोडायचं कामही शेवटी ताईलाच करावं लागलं, आणि मोडणारी म्हणून नाव तिचंच झालं. ज्याने काहीच केलं नाही, तो चांगला मुलगाच राहिला. त्या पुस्तकातल्या तळटीपेसारखा, कोणी न विचारलेला.

त्या रविवारी विहारातून निघाल्यावर ताई स्टेशनच्या दिशेने वळली होती. मी म्हणाले, "रविवारी कुठे?"

"कॅम्प तीनला. सेठ रविवारी अर्धा दिवस उघडतो. दिवाळीला चार दिवस राहिलेत," ती म्हणाली. "सॅम्पलच्या मशीनवर दुसरी बसायच्या आत सांगायला हवं."

"मी येऊ?"

"चल. पण तिथे काही बोलू नकोस. मीच बोलणार आहे."